देवलीच्या चुलीवरचं बियाणं

माझ्याकडे एक गोष्ट आहे. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे हशा येणार, सगळं पाठ झालंय. पण पूर्ण गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका. सांगते, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळची रत्नागिरीकडची. सिल्वासाला ग्रामसेविका म्हणून लागले होते, आमलीत भाड्याची खोली होती. काम चुलींचं. बिनधुराच्या चुली — मातीच्याच, पण दोन तोंडांच्या, आणि धूर छपराबाहेर काढायला वर पाइप. लाकूड निम्म्यावर येतं, असं आम्ही सांगायचो, आणि बऱ्याच घरांत ते खरंही होतं. माझ्याकडच्या सुरंगी गावच्या बायका तेव्हा मोळीसाठी दरवर्षी थोड्या आणखी लांब जायला लागल्या होत्या. टेकडी डोळ्यांदेखत उघडी पडत होती. चूल चांगलीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला त्याच्याआड लपता येणार नाही.

पहिलं वर्षभर मी फायदे सांगत हिंडले. बायका ऐकायच्या, चहा द्यायच्या, आणि चूल तीच जुनी. मग आम्हाला एका शिबिराला पाठवलं. तिथे बाहेरून एक प्राध्यापक आले होते, माणसाच्या वागण्याचा अभ्यास केलेले. ते म्हणाले, “फायदे सांगणं सोडा. शेजारणीने काय केलं ते सांगा. माणूस पटलं म्हणून बदलत नाही हो, एकटं पडायला नको म्हणून बदलतो.” मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. खोटं सांगा, असं ते म्हणाले नव्हते. ते मी माझं घातलं.

सुरंगीला परत गेले आणि खालच्या पाड्यात सांगितलं — वरच्या पाड्याने सगळ्या चुली बदलल्या, तुम्हीच राहिलात. त्याच दुपारी वरच्या पाड्यात सांगितलं — खालचे पुढे गेले. तोवर कुठेच एकही चूल बसली नव्हती. महिन्याभरात दोन्ही पाड्यांत बसायला लागल्या. माझं खोटं आपोआप खरं होत गेलं. मग त्यात खोटं काय राहिलं? असं मी स्वतःला विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत पुढच्या घरी जायचे.

आणखी एक केलं. चूल बसली की दाराच्या चौकटीवर चुन्याचा ठिपका लावायचा. साधा, बोटभर. नियम कसलाच नव्हता, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा. दिवाळी सरून भाताची झोडणी आटोपेपर्यंत वरच्या पाड्यात बिनठिपक्याचं एकच दार उरलं. देवलीचं.

देवली असेल चाळिशीची, वारली बाई. नवरा जंगलाच्या कामावर जायचा. सुकरी नावाची एकच लेक, तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. देवली भांडली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती म्हणायची, “बघू नं, बाई.” आणि बाकीच्या बायका? “काय गो देवले, तुझं दार अजून बिनलग्नाचं हाय का? कुंकूच नाय लावलं त्याला!” पोरं तिला ‘धुरकी’ म्हणायला लागली. मी ते ऐकलं. थांबवलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. शिबिरात शिकवलेलं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

एका सकाळी तिनं मला आत बोलावलं. आढ्याकडे बोट दाखवलं. चुलीच्या बरोबर वर, धुराने काळा झालेला, पेंढ्यात बांधलेला भाताचा गोळा टांगलेला होता. लाल भाताचं बियाणं. बाकीच्या घरांनी दुकानातलं, सरकारी बियाणं आणायला सुरुवात केली होती. हे जुनं लाल भात राखणारी पाड्यात ती एकटीच उरली होती. तिच्या आईने तिला लग्नात दिलेलं, आईला तिच्या आईने. लेक सासरी जाताना तिच्या डोक्यावर हे बी द्यायचं — कणसरीला, धान्याच्या देवीला, घेऊन जातेस, उपाशी राहणार नाहीस, म्हणून.

“धूर गेला तं याला किडा लागंल, बाई,” ती म्हणाली. “लगीन होऊ दे. मंग घालते तुमची चूल.”

वैशाखापर्यंत थांबायचं, एवढंच मागत होती. पण पाहणीला वरचे साहेब पंधरा दिवसांनी येणार होते आणि मला सगळी दारं ठिपक्यांची दाखवायची होती. मी म्हटलं, तसं काही होत नाही.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, “तुमच्या आयच्या घरी बी कुठं ठेवतात?”

इथेच मी दर वेळी थांबते. सांगतानाही, आणि नुसती आठवतानाही.

कारण माझ्या आईच्या घरी — आमच्या स्वयंपाकघरात, चुलीवर, आढ्याला — असाच मुडा टांगलेला असायचा. असाच काळा. लहानपणी मी त्याला काठीने झोका दिला तर आई ओरडायची, “कार्टे, बिवळा आहे तो, पेरायचं भात!” धुराने कीड लागत नाही, हे मला शिबिराच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. चुलीशेजारी बसूनच शिकले होते.

मी म्हटलं, “पत्र्याच्या डब्यात.”

तिनं मान डोलावली. बाई कोकणातली, भात खाणारी — तिच्या घरचं तरी खरंच असणार ना? दुसऱ्या दिवशी चूल बसली. ठिपका मी स्वतः लावला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. देवलीही हसली.

डबा तिनं कुठून आणला, मी विचारलं नाही. आमलीच्या बाजारातून आणला असेल.

लग्नाच्या आठ दिवस आधी पाड्यात बायकांची बैठक होती. देवली डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडला. आतून बारीक पतंग उडाले. खाली भाताची टरफलं, पीठ, जाळं. तिनं मूठभर उचललं, फुंकलं — हातात काही राहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी काही सांगेन म्हणून.

सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हटलं, “ओलं भरलं असशील. नीट वाळवायला नको का?”

एक म्हणाली, “ती तशीच हाय, बाई. आळशी.” दुसरी हसली. देवलीनं झाकण लावलं.

मी लग्नाला गेले होते. सुकरी डोक्यावर दुकानातल्या बियाण्याची छापील पिशवी घेऊन सासरी निघाली. देवलीनं पाहुण्यांना मला दाखवलं, “या चुलीवाल्या बाई,” आणि मला आग्रहाने जेवायला वाढलं. मी जेवले.

पुढे मला बढती मिळाली. नव्या मुलींना शिकवायला लागले. आणि ही गोष्ट माझी हातखंडा गोष्ट झाली — दोन पाडे, चुन्याचे ठिपके, शेवटची हट्टी बाई, ‘धुरकी’. ठिपका लागला, टाळ्या, इथे गोष्ट संपायची. डबा तिच्यात कधीच आला नाही.

तीनेक वर्षांमागे आमली नाक्यावर कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळेला सुकरी भेटली. ती आता धाग्याच्या कारखान्यात जाते. तिनेच मला ओळखलं. मी आईची चौकशी केली.

“बरी हाय. पाइप मात्र तिनं दुसऱ्याच वर्षी काढला,” ती म्हणाली, मग जीभ चावून हसली. “तुमाला सांगू नको म्हणलेली. बाईंना वाईट वाटंल म्हणं. साहेब आले तं परत लावायची नं, ते गेले का काढायची.”

“आणि ते लाल भात? मिळालं का कुठे?”

“नाय. आय लई गावं हिंडली. आता कोणाकडंच नाय.”

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. रस्त्यात, दोन वाक्यांत सांगून झालं असतं. तिच्या सोबतिणी हाका मारत होत्या. मी म्हटलं, आईला सांग, मी विचारलं म्हणून.

त्याच आठवड्यात नव्या मुलींचा वर्ग होता. मी उभी राहिले आणि देवलीची गोष्ट सांगितली. नेहमीच्या जागी थांबले. मुली हसल्या.