काळी चार

"मॅडम, चार ब्लॅक कॉफी," असं म्हणत सागरने ग्रीनरूमच्या टेबलावर ट्रे ठेवला, तेव्हा कार्यक्रमाला पंचवीस मिनिटं उरली होती.

वसुधाताईंनी आधी ट्रेकडे पाहिलं, मग सागरकडे. वसुधाताई म्हणजे त्या सकाळच्या गायिका, पुण्याहून आलेल्या. "अहो, मी कॉफी घेत नाही. आणि चार कशाला?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना, माझी काळी चार असते?"

सागर इव्हेंट मॅनेजर. लग्नं, वाढदिवस, प्रॉडक्ट लाँच यात त्याचा हात धरणारा नाशकात कुणी नाही. शास्त्रीय गाण्याचं काम मात्र पहिलंच. काळी चार म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी. गायकाचा 'सा' ज्या पट्टीत, त्याच पट्टीत सगळी वाद्यं लावायची. पट्टी ठाऊक नसेल तर साथीला बसूच नये.

वसुधाताई खळखळून हसल्या. मी हसले नाही, कारण माझी विद्यार्थिनी उज्ज्वला व्हायोलिन काळी पाचमध्ये लावून बसली होती, आणि तिला काळी पाच सांगणारी मीच होते. वीस वर्षांपूर्वी वसुधाताईंना मी साथ केली, तेव्हा त्यांची काळी पाच होती. म्हटलं, विचारायचं काय त्यात, मला माहीतच आहे. वयाबरोबर आवाज खाली उतरतो हे मीच वर्गात शिकवते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

साथ खरं तर मी करणार होते. डावा खांदा आखडला, हात वर जाईना, म्हणून मी उज्ज्वलाचं नाव पुढे केलं. ती देवळ्याला शाळेत शिक्षिका आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी माझ्याकडे शिकायला आली आणि गेली अकरा वर्षं दर रविवारी एसटीने गंगापूर रोडला येते. "या वयात व्हायोलिन?" हे तिने इतक्यांदा ऐकलंय की आता ती नुसती मान हलवते. ही तिची पहिली मोठी मैफल होती. तिच्या सासूबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्याही होत्या.

सागर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, हार्मोनियमवाले सर इथे जवळच राहतात. दहा मिनिटांत येतील. रिस्क कशाला?"

हार्मोनियमला काय, बोट सरकवलं की पट्टी बदलली. व्हायोलिनच्या चारही तारा खुंट्या पिळून खाली आणाव्या लागतात. शिवाय उतरवलेली तार लगेच स्थिर होत नाही. सागरचं चूक नव्हतं. पण त्या दिवशी उज्ज्वला उठली असती, तर पुन्हा कधी बसली नसती.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नको सर. मी उतरवते."

वसुधाताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "जमेल?"

"हो ताई. बाईंनी सवय लावलीय."

ती सवय म्हणजे माझा एक बदनाम प्रकार. महिन्यातल्या एका रविवारी मी प्रत्येकाच्या व्हायोलिनची एक तार सैल सोडते आणि उरलेल्या तिन्हींवर राग वाजवायला लावते, मग सैल तार ज्याची त्यालाच झटपट सुरात आणायला सांगते. यावरून एक पालक माझ्याशी भांडून गेले होते. "चार तारांचं वाद्य घेऊन दिलं, तुम्ही तीनवरच शिकवता!" त्यांचा मुलगा आता गिटार शिकतो.

मैफल वेळेवर सुरू झाली. वसुधाताईंनी सकाळचा तोडी राग घेतला. मी विंगेत उभी होते. पहिली दहा मिनिटं उज्ज्वला जपून वाजवत होती, सावलीसारखी मागे. मग ताई खालच्या सुरांत उतरल्या, आणि उज्ज्वलाही त्यांच्यामागे खाली गेली. सहसा हे सूर तिसऱ्या तारेवर वाजवतात. ती ते जाड, चौथ्या तारेवर वाजवत होती. हात लांब सरकवावा लागतो, अवघड काम, पण आवाज भरीव येतो. मी मनात म्हटलं, वा! हे मी तर शिकवलं नव्हतं. हिला सुचलं कसं?

ताईंनाही ते आवडलं असावं. एक जागा, म्हणजे सुरांचं एक अवघड वळण, घेऊन त्या थांबल्या आणि मान कलती करून म्हणाल्या, "हं, तू घे." उज्ज्वलाने तीच जागा घेतली. सभागृहातून "क्या बात है" आलं. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.

कार्यक्रमानंतर सासूबाई आत आल्या. "मला त्यातलं काही कळत नाय," त्या मला म्हणाल्या, "पण बाई गायच्या आन् आमची सून तेच बोलून दाखवायची. लय ब्येस!"

मी उज्ज्वलाला बाजूला घेतलं. "चौथ्या तारेवर गेलीस ते झकास. कुठून सुचलं?"

तिने व्हायोलिनची केस उघडून ते माझ्यापुढे धरलं. तिसरी तार सुतळीसारखी लोंबत होती.

"सुचलं कुठलं, बाई? दहाव्या मिनिटालाच खुंटी निसटली."

उरलेला अख्खा तोडी तिने तीन तारांवर वाजवला, आणि तीस वर्षं शिकवणाऱ्या मला विंगेत उभं राहून पत्ता लागला नाही. माझ्या पेशात याहून मोठी पावती मिळत नसावी.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. पट्टी माहीत असली तरी विचारते. आणि तार सोडायचा रविवार महिन्यातून दोनदा ठेवते.