चौथी ओ

आमच्या घरात नीट ऐकू आलं नाही तरी "हं, हं" म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. माझी आत्या तेवढी त्यातली नव्हती. समोरचा पुटपुटला की हातातलं काम थांबवून म्हणायची, "न्हाई आलं. पुन्यांदा सांग." माझ्या सोयरिकीच्या बैठकीत तिनं मुलाच्या वडिलांकडून एकच वाक्य तीनदा वदवून घेतलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. खोड तिथलीच असणार, असं मला वाटायचं. ती म्हणायची, त्याच्याही आधीची. लहानपणी ती आमच्या गावामागच्या, साखऱ्याच्या डोंगरावर घरच्या शेळ्या-मेंढ्या राखायची. "लांडगा दिसला का पल्याडच्या पोरींना हाक मारायची. ओ आली तर हाक पोचली. न्हाई आली तर पळत जाऊन सांगायचं. पोचली असंल म्हणून बसलं, का गेलं बकरू!"

निवृत्त झाल्यावर बाईनं परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला. गच्चीवर तार, खोलीत यंत्र आणि देशभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा. पण एक कान गेल्यातच जमा होता आणि दुसराही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तिनं ठरवलं, तो जायच्या आधी आपल्या डोंगरावरून बोलायचं. या मंडळींचा एक दंडक असतो. डोंगरमाथ्यावरून एकाच दिवशी चार जणांशी बोलणं व्हायला हवं, आणि प्रत्येक वेळी दोघांनी एकमेकांचं परवान्यावरचं नाव नीट ऐकायला हवं. तरच तो डोंगर जमेला धरतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे साखऱ्याला जमलो. आम्हाला लोळायचं होतं, आत्याला डोंगर चढायचा होता. अर्थात आत्याचंच खरं झालं. बाहेरचा माणूस त्याला टेकडी म्हणेल, पण माझ्या भावानं, बंडूदादानं, खांद्यावरून बॅटरी वर नेली तेव्हा त्याला तो हिमालयच वाटला. बाभळीला तार बांधली. भोपाळ झालं, बंगळूर झालं, कोल्हापूर झालं. मग चौथा आवाज आला, अगदी बारीक. त्याचं नाव दादाला आणि मला स्वच्छ ऐकू आलं. आत्या यंत्राला कान लावून बसली होती. "पुन्यांदा सांगा," ती म्हणत राहिली आणि आवाज विरून गेला.

"आत्या, मी ऐकलं ना! सांगते, लिही."

"तुला आलं. मला न्हाई आलं."

"इथं कोण बघाया येऊन राहिलं?" दादा तडकला.

"मी हाये की."

वहीतली चौथी ओळ तिनं कोरी ठेवली. घरी आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं शांतपणे चहा संपवला आणि म्हणाली, "फुडच्या दिवाळीला." तोवर कान राहतील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

कान राहिले नाहीत. पण आत्या हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. लांबआखूड ठोक्यांची ती मोर्सची भाषा तिनं उन्हाळ्यातच शिकायला घेतली होती. स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवायचं आणि थरथरीवरून अक्षर ओळखायचं. मी हिंगोलीला गेले की ती तळहात पुढं करायची, "वाजव." मी पुस्तकात बघून तिच्या तळव्यावर बोट टेकवायचे, आखूड, लांब. मी चुकले की ती हात मागं घ्यायची.

पुढच्या दिवाळीला पुन्हा डोंगर, पुन्हा बॅटरी, पुन्हा दादाची कुरकुर. तिघं झाले. चौथ्याला उन्हं कलली. आत्यानं डोळे मिटून, पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वहीत उतरवलं, बटण दाबत उत्तर दिलं आणि वाट पाहिली. पलीकडून तिचं नाव परत आलं.

"आली गं ओ," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडत होते. "तुला आलं का?" तिनं विचारलं. मला नुसती टिर्र टिर्र ऐकू आली होती, पण आनंदाच्या भरात मी जोरात होकारार्थी मान हलवली.

"लबाड! शिक आधी."

मी शिकले.

यंदा आत्या गेली. शेवटी शेवटी बायका येऊन तिचा खांदा हलवायच्या, ओरडून विचारायच्या, "वळखलं का आमाला?" ती डोळे न उघडता म्हणायची, "न्हाई आलं." एका दुपारी मी तिचा हात उलटा केला आणि तळव्यावर माझं नाव टेकवलं. एस, यू, एन, आय. सुनी. काहीच झालं नाही. मी पुन्यांदा टेकवलं, सावकाश, एकेक अक्षर.

"आलं," आत्या म्हणाली.

भावजय म्हणाली, तुमचं मन राखायला म्हणाल्या असतील. तिला आमची आत्या ठाऊकच नाही.