हसन चाचांची वाकडी टीप

माझे हसन चाचा वय लपवायचे नाहीत. वाढवून सांगायचे.

त्यापायी एकदा शिलाई मशीन विकायला निघाले होते.

आज त्यांची बरसी. सकाळी नातवाला ही गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "दादा, पोस्ट इट!" म्हणून लिहितोय.

साठचं दशक. दुबई म्हणजे तेव्हा खाडी, बाजार आणि मागे वाळू. खाडीकाठच्या देरा भागातल्या बाजारात चाचांचं टेलरिंगचं दुकान. अरबांचे पायघोळ कंदुरे शिवायचे. मी रत्नागिरीहून नुकताच आलेलो, काजं-बटणं करायचो.

चाचांची दाढी तिशीतच पांढरीफेक. लोक "बाबा" म्हणायचे, पहिला चहा त्यांना द्यायचे, भांडणं मिटवायला बोलवायचे. चाचांना ते गोड लागलं. कुणी वय विचारलं की ठोकून द्यायचे, "साठ!"

मग टीप वाकडी दिसायला लागली.

सरळ घातलेली टीप त्यांना मध्येच फुगलेली दिसायची. उसवायचे, पुन्हा घालायचे, "आता सरळ झाली" म्हणायचे. गिऱ्हाईक अंगात घालून ओरडायचं, "हसन, ये क्या साप बनाया?"

माणसाकडे बघितलं तर मधोमध धुरकट डाग. कान दिसायचे, नाक नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं. चाचा सवयीनं म्हणाले, "साठ."

डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारून पाहिलं. "बाबा, उमर का असर है. पर्दा बीच में खराब हो रहा है. इलाज नहीं."

चाचा बसल्या जागी खचले. "खलास. मशीन विकून टाकू. पण गावी जाऊन तुझ्या चाचीला काय सांगू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरसाब, साठ कैसे? मेरे अब्बा पचास के हैं. ये तो उनके छोटे भाई!"

डॉक्टर चाचांकडे बघतायत. चाचा छताकडे.

"बाबा, सच बोलो."

"...चवालीस."

एका दमात सोळा वर्षं कमी!

"और ये दाढी?"

"दाढी अपनेआप, साब. बाकी मेरा कसूर."

डॉक्टर हसले नाहीत. "फिर से बैठो."

बराच वेळ पुन्हा तपासलं. चौकटींचा कागद समोर धरून रेघा कुठे वाकतात ते विचारलं. झोपेचं विचारलं. ईदचे कपडे शिवायची घाई सुरू झाली की चाचा कसले झोपतायत?

मग नीट समजावलं. पडद्याखाली पाणी साचतंय. दिसायला म्हातारपणाच्या दुखण्यासारखंच, पण ते हे नव्हे. जागरणानं वाढतं. जुनाट आहे, जाईल, परत येईल, थोडा डाग राहीलही.

"लेकिन अंधे नहीं होगे. सोया करो."

बाहेर येऊन चाचांनी आधी मला टपली मारली. मग घट्ट मिठी. हुंदका आणि हसू एकदमच.

"बाजारात कुणाला बोललास तर याद राख!"

"डोळ्यांचं?"

"वयाचं रे, गाढवा!"

पाणी ओसरलं, आलं, पुन्हा ओसरलं. टीप सरळ आहे का, हे चाचा बोट फिरवून ओळखायला शिकले. मशीन काही विकलं नाही. आम्ही सगळे त्यावरच उभे राहिलो.

गेले तेव्हा खरे बहात्तरचे होते. जनाज्याला आलेले म्हणत होते, "बाबा नव्वदीला टेकले होते. भरपूर जगले."

या वेळी मी गप्प बसलो.

चाचा, आता निवांत झोपा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.