लिफ्टमध्ये सांगितलेली बातमी

मराठी ही आमच्या घरची गुप्त भाषा. आम्ही तंजावरकडचे, दारी तमिळ, घरी मराठी. त्यामुळे चेन्नईत मराठी बोलणं म्हणजे दार लावून बोलण्यासारखंच, असा आईचा ठाम समज. भाजीवाल्यासमोर ती भाजीला नावं ठेवते आणि पाहुण्यांसमोर पाहुण्यांना. मला याची भयंकर चीड येते, आणि मेलं हसूही येतं.

त्या संध्याकाळी तांबरमच्या आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत आई, मी आणि वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली बाई. तिचा नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आहे, एवढंच आईला ठाऊक होतं. ती नाशिकची आहे हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी जिन्यात मी तिला फोनवर बोलताना ऐकलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं.

मेकॅनिक येतोय, असं वॉचमन खालून ओरडला. आई त्या बाईकडे बघून गोड हसली आणि माझ्याशी मराठीत सुरू झाली.

"अगे, ऐकलीस का? समोरच्यांची सून परत माहेरी जाऊन बसली. अय्यो, केवढी लाज! आणि ही बघ, हिच्या घरी रोज हॉटेलातलं येतें. सैपाक येतो की नाही, देव जाणे."

मी तिचा हात दाबला, डोळे वटारले. मला उकडतंय असं समजून तिनं पदरानं वारा घातला. तमिळमध्ये सांगावं, तर 'मराठी' हा शब्द त्या बाईला कळलाच असता.

"आणि शुक्रवारी तू येतेस म्हणून तुझ्या सासूला फोन करून सांगितलें," आई त्याच सुरात म्हणाली.

सासर सोडून मी माहेरी आले होते. माझा नवरा ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा आणि माझा फोन सोबत न्यायचा. हे मी आईला कितीदा सांगितलं होतं. ऐकून घ्यायची, की लगेच दुसऱ्या कुणाची तरी बातमी काढायची. धाकट्या भावाचं लग्न जमवायचं होतं, आणि घरात परत आलेली मुलगी येणाऱ्या स्थळांना तिला दाखवायची नव्हती.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"बरं बरं. तर पलीकडच्या आजीचे डोळे..."

"आई, मी जाणार नाही."

"मागेही असंच म्हणालीस. गेलीस की नाही शेवटी?"

गेले होते. ते आठवून मला तिचा भयंकर राग आला.

"काकू," दाराकडे तोंड करून उभी असलेली ती बाई वळून म्हणाली, "ती नाही म्हणतेय."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. हॉटेलातलं जेवण तिला आठवलं असणार. पण माफी मागायची सोडून तिनं त्या बाईचे दोन्ही हात धरले.

"हें कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "घरातली गोष्ट आहे."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"सांगा," मी त्या बाईला म्हणाले. "सगळ्या बिल्डिंगला सांगा, मी जाणार नाही म्हणून."