मेकवाली मॅडम

वर्गात शिरल्यावर आमच्या मॅडम हजेरी घेत नसत. पहिल्या संगणकापाशी उभ्या राहून 'मेक' एवढाच शब्द टाइप करत आणि हाताची घडी घालून पडद्याकडे पाहत. त्या आज्ञेसरशी आम्हा मुलींचे सी भाषेतले छोटे छोटे प्रोग्रॅम एकामागून एक तयार होत. कुठे चूक निघाली की काम तिथेच थांबे आणि मॅडमचा चेहरा खुले. "सापडली!" नेरच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे मेकवाली मॅडमच म्हणत.

ही व्यवस्था त्यांचीच. आधी प्रत्येकीचा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर असे, आणि तारीख तपासण्यासारखं साधं काम जी ती नव्याने लिही. मॅडमनी प्रत्येकीला एक फोल्डर दिलं, सगळ्यांना लागणारं सामायिक फोल्डरमध्ये ठेवलं आणि सर्वांत वर, काय कशापासून तयार करायचं याची यादी म्हणून, एक मेकफाइल लिहिली. जेवढं बदललं तेवढंच पुन्हा तयार होई. लोडशेडिंगचे दिवस होते. "एक ओळ बदलवली, तर सारं पुन्हा कायले करता? लाइन जाऊन राह्यली," त्या ओरडत.

कापसाचे भाव पडले त्या वर्षी वर्ग ओसरत गेला. मजूर लावणं परवडेना म्हणून राळेगावकडची शेवंता वेचणीला घरी गेली ती परतली नाही. परीक्षा तोंडावर आली आणि मेक रोज तिच्याच फोल्डरशी अडू लागलं.

प्राचार्य म्हणाले, "तिचं नाव मेकफाइलमधून काढा. गैरहजर मुलीसाठी सगळ्यांचं काम अडवता?"

"हो सर, अडवते," मॅडम म्हणाल्या.

रविवारी मॅडम आणि मी एसटीने शेवंताच्या गावी गेलो. ती वावरात होती. कमरेची ओटी कापसाने भरलेली. मॅडमनी छापून आणलेला प्रोग्रॅम आणि चूक दाखवणारा संदेश तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला.

"चूक माही नाही, मॅडम. तुमी तारीख तपासाचं सामायिक फंक्शन बदलवलं. आता त्याले दोन गोष्टी द्या लागते. मले कोनी सांगतलंच नाही."

फंक्शन मीच बदललं होतं. मॅडम हसल्या. "मंग येऊन सांग न हिले. इथून कायले सांगतं?"

शेवंताची आई वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभी होती. ती पुढे आली. मग पोरीच्या कमरेची ओटी सोडून तिने स्वतःच्या कमरेला बांधली. "जाय," एवढंच म्हणाली.

परीक्षेला शेवंता माझ्या शेजारी बसली. परीक्षकांसमोर मेक सुरू झालं आणि न अडता शेवटापर्यंत गेलं.

त्या उन्हाळ्यात कॉलेजने मॅडमना पुन्हा नेमलं नाही. त्यांनी कारणही विचारलं नाही. वडिलांच्या मोटर गॅरेजवरच्या खोलीत त्यांनी दोन जुने संगणक मांडले. जूनमध्ये शेवंता आणि मी जिना चढत होतो. खाली हातोड्यांचा दणदणाट चालला होता, त्यावरून मॅडमचा आवाज आला, "या वं पोरीहो! खुर्च्या उद्या येतीन. शिकवणं आजच."