शेवंतीबाई पायी आल्या

संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या दिवशी हरताळ होता. बस बंद, दूध उशिरा. तरी स्टोव्हला पंप मारताना मी मनातून खूश होते. परळहून शेवंतीबाई आज गिरगावात पोचणं शक्य नव्हतं. सासूबाईंची जखम मीच बांधणार होते. पाणी उकळून ठेवलं होतं, पट्ट्या घडी करून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. दारात शेवंतीबाई, पांढरं लुगडं घोट्यापर्यंत धुळीनं माखलेलं.

"चालत आलात?"

"मग काय, उडत?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "शेवंते, आलीस का गं?" चार दिवसांत त्यांचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

शेवंतीबाई नगरकडच्या ख्रिस्ती. सहाव्या वर्षी आई अठरा सालच्या साथीत, मानमोडीच्या तापात गेली, मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. आता परळच्या इस्पितळात नर्स. छातीच्या कॅन्सरवर आणखी इलाज नाही म्हणून सासूबाईंना घरी आणलं, तेव्हापासून रोज ड्यूटीआधी येत. त्याही सासूबाईंना 'आई'च म्हणत. माझा शब्द त्यांनी कधी उचलला, कळलंच नाही.

मी बी.ए. झालेली, अकरा महिने सासूबाईंचं दुखणं काढलेलं. पण पट्टी माझ्या हातात दिसली की सासूबाई डोळे मिटून घेत. मी रोज म्हणायची, "बऱ्या व्हाल हो आई." शेवंतीबाई तसं कधी म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "बरी होईन का गं?"

"नाही, आई. पण एकट्या जाणार नाही तुम्ही. प्रभू सोबत असेल."

"तुझा प्रभू माझ्या घरी कशाला येईल?"

"मी येते ना? मला तोच धाडतो."

"मग येऊ दे. आमचे देव काही त्याला हाकलायचे नाहीत." सासूबाई चक्क हसल्या. माझ्या खोट्या धीराला त्या कधी हसल्या नव्हत्या.

पट्टी झाली, दोन ओळींची प्रार्थना झाली. मी घाईनं फणी उचलली. ऑपरेशननंतर सासूबाईंचा डावा हात वर जात नसे, त्यामुळे वेणी मी घालायची. तेवढं एकच काम निव्वळ माझं उरलं होतं.

शेवंतीबाई छत्री घेऊन उंबऱ्याशी उभ्याच होत्या, माझ्या बोटांकडे बघत.

"उशीर नाही का होत?" मी जरा तुटकच विचारलं.

"होतोय." त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "माझ्या आईचे केस मला आठवतसुद्धा नाहीत. उद्या यांची वेणी मला घालू द्याल?"