एकच फांदी

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास आलापल्लीला मी एका सागवान ठेकेदाराचा मुनीम होतो. एकदा आम्ही दोघे जंगलात गेलो, तेव्हा एका झाडाखाली एक गोंड म्हातारी तंबाखू चघळत मोहफुलं वेचत होती. ठेकेदाराने तिला सावलीतून हाकललं, तोच झुडपातून रानडुक्कर धावून आलं. म्हातारी सरसर झाडावर चढली, तिने मला वर घेतलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून ठेकेदाराला ओढलं. बसण्याजोगी फांदी एकच होती.

धोतर आवरत ठेकेदार तिला म्हणाला, "जरा लांब बस."

"कुठी बसू बाप्पा? डुकरापाशी?"

इतक्यात फांदी करकरली आणि ठेकेदार तिला घट्ट बिलगला. तेवढा वेळ आम्ही तिघे एकाच घरचे होतो. डुक्कर गेलं, तरी तो तिचा हात सोडीना.

"सोड ना आता," ती म्हणाली, "मले फुलं येचाची हायेत."